अवशिष्ट क्लोरीन

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
भाईंनी स्वतःच आडवी रेघ मारून ठेवली होती,
अकरा वर्षांपूर्वी, पट्टी लावून.
शरीररचनाशास्त्र विभागातला कारकून म्हणाला,
रेघ चालत नाही ताई, सिस्टीम घेत नाही,
काहीतरी टाकावं लागेल.
मी म्हटलं, इतर.
त्यानं इतर टाकलं.
सिस्टीमनं घेतलं.

मग पोचपावती.
हरेश्वर त्र्यंबक चुरी, पुरुष, वय एक्याऐंशी,
एक (१) देह प्राप्त.
खाली शिक्का, शाई कमी पडलेला.
एवढंच हातात घेऊन
मी जिना उतरले.

जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात, पोटरीच्या उंचीवर
टाइल्स. गणपती, क्रूस, काबा, गुरू नानक,
मधे एक साईबाबा, गवंड्यानं किंचित तिरके बसवलेले.
कुणी थुंकू नये म्हणून.
भाई असते तर थांबून म्हणाले असते,
बघ, सर्वधर्मसमभाव, जमिनीपासून दीड फूट.
आणि स्वतःच हसले असते
खोकला येईपर्यंत.
मी थांबले.
हसू काही आलं नाही.
कोपरे मात्र स्वच्छ होते.

चौतीस वर्षं महापालिकेच्या जलखात्यात
भाई पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघत हिंडले.
काचेची नळी, दोन थेंब, पिवळा रंग.
कोळीवाड्यातल्या नळावर, दर्ग्याच्या हौदावर,
शीतलादेवीच्या आवारात, चर्चमागच्या टाकीवर
एकच नळी, विसळून.
पाण्याला जात विचारायची नाही, म्हणायचे,
जंतू विचारायचे.
घरात देव्हारा नाही, उपास नाही.
आईचे टाक त्यांनी बिस्किटांच्या डब्यात घालून
मामाकडे पोचते केले होते,
रीतसर, भांडण न करता,
डब्यावर यादी चिकटवून.

मला कधी कावीळ झाली नाही, टायफॉइड नाही.
भीतीही नाही, अमावास्येची, मांजराची,
कुणाच्या नजरेची.
हे मी उपकार मानूनच लिहिते आहे.
फक्त त्या पाण्याला चव नव्हती.
एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले,
चव हवी तर विहीर शोध,
ताप आला की ये माझ्याकडे.

आता
कुणाकडे यायचं, भाई,
तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर,
पहिल्या वर्षाच्या पोरांची वाट बघत.

बुधवार होता. माहीमला नोव्हेनाची रांग
रस्त्याच्या वळणापलीकडे.
बुरखे होते, कुंकू होतं, गळ्यात ऑफिसचं कार्ड होतं,
एकजण चपला हातात धरून फोनवर कुणाला तरी
भाव सांगत होता.
फूटपाथवर मेणाचे अवयव मांडलेले.
हात, पाय, डोळ्यांची जोडी, बाळ,
एक मजली घर, व्हिसावाल्यांसाठी विमान.
ज्याचं जे दुखतं ते.
मी विचारलं, अख्खा माणूस आहे?
आहे ना, बाई म्हणाली. साठ रुपये.
कोणासाठी?

हाही रकाना
मला भरता आला नाही.
तिनं सिस्टीमसारखा हट्ट धरला नाही.
गुजराती पेपरात गुंडाळून दिला,
वर दोन रुपये सुटे नाहीत म्हणून एक मेणबत्ती.

रांगेत मी उभी राहिले नाही.
खोटं कशाला.
घरी आणून भाईंच्या टेबलावर ठेवला,
पंख्यानं पावती उडत होती, तिच्यावर,
वजन म्हणून.

मे महिना. चारच्या उन्हात
त्याचा डावा खांदा मऊ पडायला लागला.
प्रार्थना मला येत नाही.
उठले, सावलीत सरकवला.
मग हात धुतले, बराच वेळ.
मेण असं साबणानं जात नाही.